दहा-बारा वर्षं जुना डेस्कटॉप चालता कसा ठेवायचा, नागपूरच्या उन्हाळ्यासकट

मानेवाड्याच्या बाजूला आमच्या वस्तीत एक छोटी अभ्यासिका आहे, एमपीएससी अन् पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी तिथे बसतात. तिथे एका ऑफिसातून निघालेले सहा डेस्कटॉप आले, सगळे २०११ ते २०१३ मधले, दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचे आय३, दोन-दोन जीबी रॅम. सहातले दोनच चालू व्हायचे, तेही पाच-सात मिनिटं घेऊन. घरचा डेस्कटॉप बारा वर्षं मीच सांभाळत आलोय म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आज त्यातले पाच सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत चालतात, फॉर्म भरणं, पीडीएफ, लेक्चर, ऑनलाईन टेस्ट सगळं त्यावर होतं. सहाव्याचे पार्ट बाकीच्यांच्या कामी आले.

हे करताना जे कळलं ते नवीन माणसासाठी क्रमाने लिहून ठेवतोय. क्रमाला फार महत्त्व आहे कारण बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात, आधी दुकानात जाऊन रॅम घेतात, मग फॉरमॅट मारतात, आणि खरा प्रॉब्लेम धुळीचा किंवा शंभर रुपयांच्या आतल्या सेलचा असतो. आपण डब्ब्याला सीपीयू म्हणतो, मी पण इथे तसंच म्हणेन, आतल्या चिपला प्रोसेसर.

सामान काय लागेल

- स्टार पेचकस, मधल्या साइजचा
- एक इंची पेंटिंगचा ब्रश, नवा आणि कोरडा
- ब्लोअर (शेजारी कुणाकडे तरी असतोच, विकत घ्यायची गरज नाही)
- पेन्सिलचं पांढरं खोडरबर
- थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनं सुती कापड
- सीआर२०३२ सेल, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो
- आठ जीबी किंवा जास्तीचा पेनड्राइव्ह
- साटा टू यूएसबी केबल
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- मोबाईल, कारण कुठलीही वायर काढायच्या आधी फोटो काढायचा आहे

१. सगळ्यात आधी डेटा बाहेर काढा

शेजारच्या काकूंचा सीपीयू माझ्याकडे आला तेव्हा मी आधी साफसफाई केली, म्हटलं डेटा उद्या घेऊ. दुसऱ्या दिवशी डिस्क उठलीच नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो फक्त त्याच डिस्कवर होते. ती गोष्ट मला अजून लागून आहे, म्हणून आता मशीन चालू होत असेल तर पहिलं काम एकच, फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा जे काही असेल ते दुसऱ्या डिस्कवर. मशीन चालू होत नसेल तर डिस्क काढून साटा टू यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही, तेव्हा अडॅप्टरवाली केबल घ्या.

डेटा निघाला की क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत पाहा. रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळींतले आकडे शून्य असले तर चांगलं, शून्य नसले आणि आठवड्याला वाढत असले तर ती डिस्क आता गेलीच समजा. डिस्क टकटक आवाज करून राहिली असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका, प्रत्येक वेळी आणखी खराब होते.

२. लाईन आणि अर्थिंग तपासा

हा भाग लोक सोडून देतात आणि मग वर्षाला एक एसएमपीएस (सीपीयूतल्या सगळ्या पार्टना वीज देणारा डबा) बदलत बसतात.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात का? टेस्टर लावला की दिवा लागतो का? मग घरात अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. एसएमपीएसच्या आत फिल्टरसाठी कॅपेसिटर असतात, ते थोडा करंट पत्र्यावर सोडतात, तो अर्थच्या वायरमधून जमिनीत जायला पाहिजे. वायरच नसली तर पत्र्यावर शंभराच्या वर व्होल्ट उभे राहतात, करंट कमी असतो म्हणून माणूस फक्त दचकतो, पण पेनड्राइव्ह लावताना किंवा मॉनिटरची केबल काढताना पोर्ट उडू शकतो. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट दिसतं पण मागे वायर दोनच असतात, असं मी स्वतः पाहिलंय.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेट मोजा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरा आकडा मोठा आला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. मोजायची सवय नसेल तर हेही त्यालाच करू द्या. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा असतो, तो आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पार कोरडा पडतो, आठवड्यातून दोन बादल्या पाणी टाकलं तरी फरक पडतो.

आणखी तीन गोष्टी:

- जुन्या एसएमपीएसच्या मागे लाल रंगाचा छोटा स्विच असतो, ११५ आणि २३० लिहिलेला. तो २३० वरच पाहिजे. लहान मुलांनी खेळता खेळता तो ११५ वर केला आणि बटण दाबलं की धडामकन आवाज येऊन एसएमपीएस संपतो. त्यावर चिकटपट्टी लावून टाका.
- यूपीएस असेल तर त्यावर लेझर प्रिंटर लावू नका, तो गरम होताना एकदम इतका लोड ओढतो की छोटा यूपीएस बसतो. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारण बारा व्होल्ट सात एएचची बॅटरी असते आणि आपल्या गर्मीत ती दोन-अडीच वर्षांत दम सोडते. लाईन गेल्या-गेल्या मशीन बंद पडत असेल तर बहुतेक बॅटरी बदलायची आहे, अख्खा यूपीएस नाही.
- जूनमधल्या पहिल्या वादळात विजा कडकडायला लागल्या की प्लग काढाच, पण सोबत इंटरनेटची लॅन केबलही काढा. अभ्यासिकेतल्या एका मदरबोर्डाचा (पुढे नुसतं बोर्ड म्हणतो) लॅन पोर्ट तसाच जळला, बाकी मशीन ठीक होतं.

३. उघडा आणि साफ करा

प्लग काढा, मग पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो. सीपीयू अंगणात किंवा गच्चीवर न्या, घरात नको, निघणारी धूळ पाहून तुम्हालाच कळेल. पत्र्याला एकदा हात लावून घ्या म्हणजे अंगातला स्टॅटिक निघतो, विशेष करून डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भिंगरीसारखा फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. ब्लोअर आधी दोन सेकंद बाजूला चालवून घ्या, कधी कधी आतून जुना कचरा बाहेर पडतो. प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये (प्रोसेसरवर बसवलेला, गर्मी ओढून घेणारा धातूचा ठोकळा) पात्यांच्या खाली धुळीची गादी बसलेली असते, ती वरून दिसत नाही, पंखा काढल्यावर दिसते. एका मशीनमध्ये ही गादी इतकी जाड होती की पंखा जोरात फिरूनही हवा खाली जातच नव्हती, आणि ते मशीन दर वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायचं. ऑफिसने ते खराब बोर्ड म्हणून काढलं होतं.

एसएमपीएस बाहेरून ब्लोअरने साफ करा पण त्याचा डबा कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपेसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात.

प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट चार-पाच वर्षांत सुकून खडूसारखी होते. इंटेलच्या पंख्याला चार पिना असतात, पेचकसाने बाणाच्या दिशेने पाव फेरा दिला की त्या सुटतात. एएमडीचं जुनं मशीन असेल तर इथे मोठा धोका आहे, सुकलेली पेस्ट गोंदासारखी धरते आणि हीटसिंक ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून सोबत येतो, पिना वाकतात. म्हणून आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हळूहळू पिळत सोडवा, सरळ वर खेचू नका. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा, नवी तांदळाच्या दाण्याएवढी मधोमध ठेवा, हीटसिंकच्या दाबाने ती आपोआप पसरते. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. इंटेलच्या चारही पिना खट् आवाज करून बसल्या का ते बोर्ड थोडा उचलून मागून पाहा, एक जरी अर्धवट राहिली तरी तापमान चढतं.

हे सगळं करतानाच बोर्डावरचे उभे कॅपेसिटर पाहून घ्या. डोकं सपाट पाहिजे. फुगलेलं असलं किंवा तपकिरी चिकट काही निघून राहिलं असलं तर बोर्ड रिपेअरवाल्याकडे न्यावा लागेल, तो कॅपेसिटर बदलून देतो.

४. सेल बदला

प्लग काढला तरी मशीनचं घड्याळ चालू राहतं ते बोर्डावरच्या सेलवर. तो संपून तारीख मागे गेली की एचटीटीपीएसच्या साइट उघडत नाहीत, ब्राउझर "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतो आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात. बोर्डावरचा गोल सेल बदला, बायोसमध्ये (विंडोज उठायच्या आधी उघडणारं मशीनचं मूळ सेटिंग) जाऊन तारीख-वेळ लावा. पाच मिनिटांचं काम.

५. चालूच होत नसेल तर

पंखाही फिरत नसेल: आधी पॉवर केबल बदलून पाहा, मग लाल स्विच. मग समोरचं बटणच खराब आहे का ते पाहा, बोर्डावर पॉवर स्विच लिहिलेल्या दोन पिना पेचकसाच्या टोकाने क्षणभर जोडा, मशीन सुरू झालं तर दोष बटणाचा. तरी नाही तर एसएमपीएस. तो सगळीकडून सोडवून, मोठ्या चोवीस पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर जेमक्लिपने जोडा, मग प्लग लावा, एसएमपीएसचा पंखा फिरायला पाहिजे. पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ आणि लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट येत असतील तर तो सध्या ठीक आहे असं म्हणता येतं, जुना एसएमपीएस लोडवर कधी कधी पडतो तो भाग वेगळा.

पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही: दहातल्या सहा-सात वेळा माझ्या हाती रॅमच निघाली आहे. रॅम काढा, सोनेरी पट्टी दोन्ही बाजूंनी खोडरबराने घासा, चुरा झटका, स्लॉटमध्ये ब्रश मारा आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा बसेपर्यंत दाबून लावा. दोन रॅम असतील तर एक-एक करून प्रत्येक स्लॉटमध्ये लावून पाहा. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला लावायची.

थोडा वेळ चालून बंद पडत असेल: गर्मी. पुन्हा तिसरा मुद्दा.

६. हार्डडिस्क काढून एसएसडी टाका

एसएसडी म्हणजे फिरणाऱ्या चकतीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क. एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर यावर घाला. पाच-सात मिनिटांनी उठणारी आमची मशीन एसएसडीनंतर अर्ध्या मिनिटात उठायला लागली, प्रोसेसर तोच.

एच६१ सारख्या जुन्या बोर्डावर साटा-२ पोर्ट असतात, ३ गिगाबिटवाले. दुकानात कुणी म्हणेल की जुन्या बोर्डावर एसएसडीचा काही फायदा नाही, ते ऐकू नका. मोठी फाईल कॉपी करताना वेग पूर्ण मिळत नाही हे खरं, पण विंडोज किंवा लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकटची सिस्टीम) उठताना हजारो छोट्या फाईली वाचल्या जातात आणि तिथे फिरणारी डिस्क एसएसडीच्या जवळपासही येत नाही. २४० किंवा २५६ जीबी पुष्कळ झाली. जुनी डिस्क ठीक असेल तर डेटा ठेवायला आतच राहू द्या.

फसायच्या जागा:

- अडीच इंची साटावालीच घ्या. एम.२ ची पट्टी स्वस्त दिसते पण जुन्या बोर्डावर ती लावायला जागाच नसते.
- बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय करा, पण नवीन सिस्टीम टाकायच्या आधी. आयडीई मोडमध्ये टाकलेलं जुनं विंडोज असेल आणि नुसतं बायोसमध्ये बदललं तर निळी स्क्रीन येते.
- एक टीबीची एसएसडी किंवा पेनड्राइव्ह फारच कमी भावात दिसला तर आत खरी जागा तेवढी नसते, भरायला लागल्यावर जुन्या फाईली खराब होतात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ चालवून आधी तपासा, मगच डेटा टाका.

७. रॅम

चार जीबी कमीत कमी, आठ असली तर दहा टॅब उघडून लेक्चर बघता येतं. आधी बोर्डाचं नाव वाचा, ते बोर्डावरच छापलेलं असतं, आणि जुनी रॅम काढून सोबत न्या. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ प्रत्येकाची खाच वेगळ्या जागी असते, जबरदस्ती करू नका.

दोन सापळे मी पाहिलेत. एक, जी४१ चिपसेटचे डीडीआर३ बोर्ड, आय३ च्या आधीच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवाले. त्यांना मोठ्या क्षमतेच्या चिपा कळत नाहीत, म्हणून एकाच बाजूला आठ चिपा असलेली चार जीबीची रॅम त्यात बहुधा चालत नाही, दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपावाली लागते. दुसरा, खूप स्वस्त डीडीआर३ ज्यावर एएमडीसाठी असं लिहिलेलं असतं, ती इंटेलच्या बोर्डावर चालत नाही. लावल्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा, एक जरी लाल ओळ आली तर परत करा.

८. सिस्टीम कुठली टाकायची

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो. अट टाळून टाकायच्या युक्त्या आहेत, पण अपडेट पुढे मिळतीलच याची खात्री नाही, आणि कोअर टू ड्युओवर तर २४एच२ या आवृत्तीपासून ते उठतच नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या सूचनाच नाहीत.

अभ्यासिकेत मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, दोन जीबी रॅममध्ये उठतं, चारमध्ये नीट चालतं, खाली डावीकडे मेनू आहे त्यामुळे पोरांना पहिल्या दिवशीच जमलं. पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून सिस्टीम उठवणारं सॉफ्टवेअर) टाका, त्यात मिंटची आयएसओ फाईल नुसती कॉपी करा, मशीन चालू करताना एफ१२, एफ११ किंवा एफ८ दाबून पेनड्राइव्ह निवडा. आधी इन्स्टॉल न करता तसंच चालवून आवाज, वायफाय, प्रिंटर चालून राहिले का ते पाहा. वायफाय नसेल मिळत तर अँड्रॉइड मोबाईल केबलने लावून यूएसबी टेदरिंग करा, ते लगेच चालतं.

यूट्यूब अडकत असेल तर ब्राउझरमध्ये एच२६४इफाय हे एक्स्टेंशन टाका, जुन्या ग्राफिक्सला नवीन फॉरमॅटचा व्हिडिओ झेपत नाही, एच.२६४ झेपतो. ७२० वर ठेवा.

लिनक्सवर जायच्या आधी तीन गोष्टी मात्र विचारून घ्या:

- टॅली किंवा एखादं फक्त विंडोजचं सॉफ्टवेअर रोज लागतं का? लागत असेल तर विंडोजवरच राहा, मशीन वेगळं ठेवा.
- डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन वापरता का? तुमच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का ते आधी पाहा.
- प्रिंटर कुठला? एचपीचे बरेचसे एचपीलिप या ड्रायव्हरवर चालतात. कॅननचा एलबीपी २९०० जो आपल्याकडे घरोघरी आहे, त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवायला अर्धा दिवस जातो, घाईत असताना करू नका.

मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये आधीपासून आहे, फक्त जोडायचा. फोनेटिक पाहिजे असेल तर आयबससोबत एम१७एन टाका.

९. उन्हाळा आणि कूलर

आपल्याकडे मे मध्ये बाहेर ४५ पार होतं, तेव्हा खोलीत ३८-४० सहज असतात, आणि प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. जानेवारीत जे मशीन ४० डिग्रीवर बसतं ते नवतपात (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) नुसतं चालू ठेवलं तरी ५५-६० दाखवतं, त्यात घाबरायचं काही नाही. काम करताना ८० च्या वर राहायला लागलं तर मी उघडून पाहतो.

लोक म्हणतात कूलरसमोर ठेवा, थंड राहील. नका ठेवू. कूलरच्या हवेत ओल असते, आतली धूळ त्या ओलीने चिखलासारखी पंख्याला आणि बोर्डाला चिकटते, आणि बोअरच्या पाण्याचे बारीक थेंब उडाले तर पांढरा थर बसतो, पोर्ट गंजतात. सीपीयू हवेच्या झोतातून बाजूला, जमिनीपासून वीतभर वर स्टुलावर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. खिडकी थोडी उघडी असली की ओलावाही साचत नाही. टेबलाच्या बंद कप्प्यात तर अजिबात नको.

एका बाजूचा पत्रा काढून ठेवायची सवय आहे बऱ्याच जणांना. त्याने धूळ दुप्पट जाते, आणि पाल शिरते. मागच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा बंद करा.

वर्षातून दोनदा साफसफाई पुरते: होळीच्या सुमाराला कूलर निघतात तेव्हा, आणि दिवाळीला.

१०. पार्ट घेताना

बर्डी-धंतोलीकडे कॉम्प्युटरची दुकानं एकमेकांजवळ आहेत, दोन-तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय घेऊ नका. जुना पार्ट घेताना दुकानातच चालवून दाखवायला सांगा. "भाऊ, एच६१ ला चालते ना ही?" "चालते ना जी, बिनधास्त टाका." मग म्हणायचं, बिलावर बोर्डाचं नाव, पार्टचा सिरियल नंबर आणि टेस्टिंग वॉरंटीचे दिवस लिहून द्या. चांगला दुकानदार लगेच लिहून देतो. एसएमपीएस मात्र सेकंडहँड घेऊ नका, आणि नवा घेताना वजनाने हलका फुलका लागला तर ठेवून द्या.

११. कधी थांबायचं

बोर्ड गेला आणि त्याच सॉकेटचा जुना बोर्ड अवाच्या सवा भावात मिळून राहिला, तर थांबा. रॅम, एसएसडी, एसएमपीएस, प्रोसेसर, पंखे काढून नाव आणि तारीख लिहून खोक्यात ठेवा, आमच्या सहाव्या मशीनच्या रॅमने दुसऱ्या दोन मशीन उभ्या केल्या. उरलेला बोर्ड आणि यूपीएसची बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तांब्यासाठी वायरी जाळतात आणि बॅटरीतलं शिसं मातीत जातं. बॅटरी नवी घेताना जुनी त्याच दुकानात परत द्या, भाव कमी करून देतात. बोर्ड महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. हार्डडिस्क कुणालाही द्यायच्या आधी पूर्ण पुसून घ्या, नुसतं डिलीट करून चालत नाही, आणि चालतच नसेल तर उघडून आतल्या चकत्यांवर खिळ्याने ओरखडे मारून मगच द्या.